मागच्या डाव्या कोपऱ्यातला टाळ

जळकोट,
रविवार, दिवेलागणीच्या आधी

वडीलबंधूंच्या जागी असलेले बलभीमआण्णा यांस,

वैजनाथचा नमस्कार. हा नमस्कार मी तुमच्याच घराच्या उंबऱ्यावर बसून करतो आहे, तेव्हा तो घरालाही पोचला असं धरा. गुडघा कसा आहे? शंभूच्या पुण्यातल्या बिल्डिंगमधल्या लिफ्टची सवय झाली का, की अजून तिला घाबरून जिना चढता आणि वर गेल्यावर गुडघ्याला शिव्या देता? साखर तपासली का? (तपासली असेल तर आकडा कळवू नका. मागच्या वेळी तुमचा आकडा ऐकून माझंच डोकं गरगरलं होतं.) इकडं मी बरा आहे. म्हणजे कुणी विचारलं तर बरा आहे म्हणतो, आणि विचारणारं फारसं कुणी नाही, त्यामुळं भागतं. राजनंदिनी हैदराबादेहून फोन करते, ‘बाबा, जेवलात का’ विचारते आणि मी काय जेवलो ते सांगेपर्यंत तिचं पोर रडायला लागतं. हे पत्र लिहिण्याऐवजी तुम्हालाही फोनच केला असता, पण तुम्ही फोन घेतला की मागून अख्खा वाकडचा रस्ता बोलायला लागतो, आणि ‘हां हां, बोल बोल’ करत तुम्ही तो निकिताच्या हातात देता. पत्र कसं, निदान हातात धरून बसावं तरी लागतं.

तुम्ही मला दोन कामं सांगितली होती. एक, घर विकायचं आहे, गिऱ्हाईक आलं तर कुलूप काढून दाखवायचं. दोन, नात निकितानं पाठवलेली, भजनी केरबाबुवांच्या आयुष्यावरच्या सिनेमाची डिस्क बघायची आणि चित्र कसं आहे, आवाज कसा आहे ते सविस्तर लिहून कळवायचं, कारण तिच्या इंटरनेटवरच्या पानावर तिला ‘बुवांना प्रत्यक्ष ऐकलेल्या ग्रामीण प्रेक्षकाचं मत’ छापायचं आहे. (ग्रामीण प्रेक्षक म्हणजे मी. मला वाटत होतं मी पेटीवाला आहे.) पहिलं काम मला करायचं नव्हतं आणि दुसरं मला येत नव्हतं. त्यात शंभूनं त्याचा जुना टीव्ही, तो डिस्कचा डबा आणि आवाजाची खोकी तुमच्या बैठकीत आणून ठेवलेली, का तर घर दाखवताना खोली जरा भरलेली दिसावी. त्यामुळं दोन्ही कामं एकाच खोलीत, एकाच दुपारी आली आणि त्यांचा काला झाला. तो कसा झाला ते सांगतो. आधी सिनेमा, मग घर. घराचं सांगायची मला घाई नाही.

तर चित्र. चित्र लख्ख आहे. आपण सोलापूरच्या टॉकीजमध्ये पाहिला तेव्हा माकणीचं धरण राखेसारखं दिसत होतं, इथं पाण्यावरची लाट न लाट दिसते. रात्रीचे प्रसंग छान, अंधार तो अंधारच राहिलाय, टॉकीजसारखा निळा पडत नाही. मात्र बुवांच्या तरुणपणी सगळ्या चित्रावर बारीक रवा पसरल्यासारखा दिसतो. मी टीव्हीची काच पुसली, मग चष्मा पुसला, मग पुन्हा काच. शेवटी निकिताला फोन लावला तर ती म्हणाली, आजोबा, तो मुद्दाम ठेवतात, जुन्या फिल्मची खूण असते. असेल बुवा. चित्र इतकं स्वच्छ असण्याचा तोटा एवढाच की केरबाबुवा झालेल्या नटाची मिशी चिकटवलेली आहे हे कळतं, आणि मरणाच्या प्रसंगात ती एका बाजूनं सुटायला लागली आहे हेही कळतं. मी तो प्रसंग दोनदा बघितला तरी रडू आलं नाही, सारखं लक्ष मिशीकडं. आपलं मंडळ माकणीला शूटिंगसाठी टेम्पोतून गेलं होतं, बुवांच्या मागं बसून रात्रभर भजन करायचं म्हणून, त्या प्रसंगात माझं कोपर फार सुरेख आलंय. सदऱ्याची शिवण दिसते. कोपराच्या पुढं मी होतो, पण पुढचं त्यांनी घेतलं नाही.

आता आवाज. सोबत आलेल्या कागदावर खोकी कुठं ठेवायची त्याचं चित्र होतं, दोन पुढं, एक मधे, दोन मागं, आणि एक मोठं खोकं कुठंही. मी कागद हातात धरून खोलीभर फिरलो. आण्णा, त्या खोलीत मी आजवर असा फिरलोच नव्हतो. त्या खोलीत आपण बसायचो. दर गुरुवारी भजनाला कोण कुठं बसणार हे कुणी कुणाला सांगायचं नाही, तरी प्रत्येकाची जागा ठरलेली. मग मी कागद घडी करून खिशात घातला, कोपऱ्यातली सतरंजी झटकून अंथरली आणि खोकी माणसांच्या जागी ठेवली. मोठं खोकं पखवाजाच्या जागी, पंचाक्षरीच्या. (तो गेल्यापासून तिथं कुणी बसलं नव्हतं. खोकंही त्याच्यासारखंच बुटकं, रुंद आणि पोटातून बोलणारं आहे.) पुढची दोन टाळकऱ्यांच्या, मधलं योगीराज वीणा घेऊन उभा राहायचा तिथं. तो आता मुलाकडं सोलापूरला असतो आणि ओळखत नाही म्हणतात, कुणालाच. मागचं उजवं ऐकायला येणाऱ्यांच्या जागी. आणि मागं डावीकडं, भिंतीला टेकून, पाठ दुखते म्हणून जिथं तुम्ही बसायचा, तिथं तुमचं. बुक्का लावल्याशिवाय त्या सतरंजीवर कुणी भजनाला बसलेलं मला आठवत नाही, म्हणून सगळ्यांना बुक्का लावला. शंभूला सांगा, जाळीत थोडा गेला आहे, फुंकलं की निघेल. नेमकी तेव्हाच प्रेमाबाई ताकाचा तांब्या घेऊन दारात आली. मी खोक्यांपुढं वाकून एकेकाला बुक्का लावतो आहे हे बघून तांब्या तिथंच ठेवून गेली, आणि पाण्याच्या टाकीवर सांगत सुटली की वैजनाथ काका आता खोक्याला बी टिळं लावाय लागलेत, कुणीतरी त्यांच्या लेकीला कळवा. अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.

पण आण्णा, आवाज! बुवांचा आवाज मधून, पखवाज जमिनीतून, टाळ दोन्ही बाजूंनी. मी पेटीच्या जागेवर डोळे मिटून बसलो. भजन संपलं. बुवा हात वर करतात, सगळे थांबतात, एकदम शांत होतं, कुत्रंही भुंकत नाही. आणि त्या शांततेत माझ्या मागून, डाव्या कोपऱ्यातून, एकच एक ठिण्!

मी मागं न बघताच म्हणालो, “आण्णा, संपलं.”

तुम्ही जन्मभर हेच केलं. सगळं मंडळ थांबलं की तुमचा एक टाळ जास्तीचा. पंचाक्षरी चिडायचा, योगीराज हसायचा आणि मी मान न वळवता म्हणायचो, आण्णा, संपलं. माकणीलाही तुम्ही तेच केलंत आणि त्या लोकांनी ते तसंच ठेवलं! टॉकीजमध्ये लाह्या खाणाऱ्यांच्या गलक्यात कळलं नाही, पण डिस्कवर मागच्या डाव्या खोक्यातून अगदी शुद्ध येतं. निकितानं मला वाचायला म्हणून कुणा जाणकाराचा लेख पाठवला आहे, त्यात लिहिलंय की भजनानंतर दुरून येणारा देवळाच्या घंटेचा एकच नाद म्हणजे बुवांच्या अंतर्मनाची हाक आहे. त्या जाणकाराला कळवा की ते अंतर्मन नव्हे, जळकोटचे बलभीमआण्णा आहेत आणि त्यांना आयुष्यात कधी वेळेवर थांबता आलेलं नाही. मी तेवढा तुकडा मागं नेऊन पुन्हा लावला. पुन्हा लावला. दर वेळी ‘संपलं’ म्हणालो. मग वळून बघितलं, तर बुक्का लावलेलं खोकं. त्या दुपारी मला फार एकटं वाटलं. आधीही वाटायचं, पण ते कसं असतं हे त्या दिवशी नीट कळलं. चहा केला तर सवयीनं पातेलंभर केला, आणि तो सगळा पिऊन रात्री जागा राहिलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच लावून बसलो असताना गिऱ्हाईक आलं. खताच्या दुकानाचा व्यंकट. हायवेला दुकान मोठं केल्यापासून त्याला गोदाम हवं आहे. “चालू द्या काका, चालू द्या, मला फकस्त माप घ्याचं हाय,” असं म्हणत टेप घेऊन चपलांसकट सतरंजीवर. पंचाक्षरीला पायानं सरकवलं. तुम्हाला उचलून खिडकीत ठेवलं. म्हणाला, “हितनं तितवर थप्पी लागंल. ही खिडकी बुजवून टाकली की झालं, वल बी न्हाय आन् उंदीर बी न्हाय.”

आता ही खिडकी कुठली, तर माझ्या अंगणाकडची. तुम्हाला ती खिडकी आतून माहीत आहे. मला बाहेरून. संध्याकाळी तिच्यातून माझ्या अंगणात उजेड पडायचा, तुमचं बोलणं यायचं, वहिनींच्या फोडणीचा वास यायचा आणि मला कळायचं की आता आपणही चूल पेटवावी. तुम्ही पुण्याला गेल्यावर पहिले काही दिवस माझी जेवायची वेळच चुकत होती. आता मी दिवेलागणीला येऊन तुमचा दिवा लावतो आणि घरी जाऊन त्या उजेडाकडं तोंड करून जेवतो. (शंभूनं विचारलं होतं ना, बंद घराचं लाईट बिल कसं येतं? ते असं येतं. मी त्याला मीटर जुनं आहे म्हणालो.)

तर मला राग आला. वाटलं, आवाज एवढा वाढवावा की हा माणूस पळून जावा. रिमोट घेतला आणि रागाच्या भरात भलतंच बटण दाबलं. भजन बंद पडून डिस्कवरचे ‘वगळलेले प्रसंग’ सुरू झाले. आणि बघतो तर काय, मी! कोपर नव्हे, पूर्ण मी. टोपी, चष्मा, पेटी, मान हलतेय, बोटं पळतायत, पण आवाजाचा पत्ता नाही. सिनेमातून काढून टाकलेल्या तुकड्यांना आवाज बसवत नाहीत म्हणे. म्हणजे बघा आण्णा, तुम्ही सिनेमात ऐकू येता पण दिसत नाही, आणि मी दिसतो पण ऐकू येत नाही. व्यंकट टेप हातात धरून उभाच राहिला. एकदा टीव्हीकडं, एकदा माझ्याकडं. “काका, ह्ये तर तुमीच की! आवाज का न्हाय?”

मी म्हणालो, “अजून घातला नाही.”

तो शेवटपर्यंत उभा राहून बघत होता. जाताना चपला हातात घेतल्या, तुम्हाला परत जागेवर ठेवलं आणि म्हणाला, “लई चांगलं वाजवताय.” आवाज न ऐकता माझी अशी तारीफ करणारा तोच पहिला. त्यामुळं त्याच्यावर राग धरता येईना, हीच मोठी अडचण झाली आहे.

असो. वहिनींना नमस्कार, शंभूला आणि सूनबाईंना आशीर्वाद, निकिताला शाबासकी. लिफ्टला घाबरू नका.

आपला,
वैजनाथ (पेटी)

ता.क. निकिताच्या पानासाठी: चित्र उत्तम, मिशी सोडून. आवाज अति उत्तम. घरी एकट्यानं बघू नये. हे शेवटचं वाक्य छापलं नाही तरी चालेल.

ता.क. दुसरा: व्यंकट तुम्ही सांगितलेल्या किमतीला तयार आहे, घासाघीस नाही. तुम्ही हो म्हणालात की विसार घेऊन पुण्याला येतो म्हणाला. माणूस सरळ आहे. वैजनाथनं दडवून ठेवलं असं नंतर कुणी म्हणू नये म्हणून लिहिलं. लिहायला तुम्ही बघताय किती पानं लागली.

ता.क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठी: शाळेत धम्मपाल नावाचे नवे गुरुजी आले आहेत. रोज नळदुर्गहून मोटारसायकलवर येतात, बायको भाग्यश्री आणि एक लहान मुलगी आहे. त्यांना राहायला घर हवं आहे. विकत घेण्याएवढी त्यांची ऐपत नाही, भाडं देतील. तुम्हाला न विचारता मी त्यांना घर दाखवलं. (प्रेमाबाईनं विचारलं, “कोन हायत ती मान्सं?” मी म्हणालो, “मान्सं हायत, बाई. तेवढंच बघायचं.”) भाग्यश्रीबाईंनी आत येताच ती खिडकी सताड उघडली. शेजार कसा आहे म्हणून विचारत होत्या. मी म्हणालो, शेजारी एकच आहे, जरा जास्त बोलतो. तेव्हा आण्णा, घर विकू नका. विकायचंच असेल तर दोन-चार वर्षांनी विका, तोवर मीही असेन-नसेन. पैशाची अडचण असेल तर तसं स्पष्ट लिहा, मी पुन्हा हा विषय काढणार नाही आणि व्यंकटला किल्ली देईन.

ता.क. शेवटचा: तुम्ही कधीतरी परत राहायला याल असं मी आजवर धरून चाललो होतो. या पत्रापासून धरत नाही. भेटायला या. बॅग माझ्याकडं टाकायची आणि संध्याकाळी आपण दोघं तुमच्या घरी पाहुणे म्हणून जाऊ. भाग्यश्रीबाई बसा म्हणतील तेव्हा जाऊन भिंतीला टेकू नका, माझ्या शेजारी बसा.