फौजदार कालवड आणि तिचा जुळा भाऊ

माझ्याआधी काही मिनिटं जन्माला येऊन तेवढ्यावर आयुष्यभर दादा म्हणवून घेणाऱ्या भावाला जुळ्या बहिणीचा नमस्कार. कंबर कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? (नसेल तर तूच बोलणं कमी कर. त्यांना उत्तरं द्यावी लागतात.)

आता तू दिलेल्या कालवडीबद्दल. मी नवा गोठा घातला तेव्हा मोठ्या मनाने ती दिलीस आणि म्हणालास, हिच्या दुधावर घर चालेल. दूध राहू दे, ती माजावरच आली नाही. मान मात्र बैलासारखी जाड झाली. गव्हाणीपाशी ती उभी राहिली की बाकीच्या गायी मुकाट बाजूला होत आणि मनात आलं की ती त्यांच्यावर खुशाल चढे. डॉक्टरांची मोटरसायकल तिने शेणात आडवी केली, त्या दिवसापासून तिचं नाव फौजदार पडलं.

त्याच डॉक्टरांनी (मोटरसायकल धुऊन झाल्यावर) तिला आतून तपासलं आणि विचारलं, "हिच्याबरोबर गोऱ्हा जन्मला होता का?" मी तुला फोन लावला. तू आधी पावसापाण्याचं बोललास, मग हो म्हणालास.

डॉक्टर म्हणाले, गायीच्या पोटात नर-मादी जुळं असलं की बहुतेक वेळा दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात. भावाची हार्मोन्स बहिणीच्या रक्तात उतरतात आणि जन्माआधीच तिच्या गर्भाशयाची वाढ बिघडते. हिला वासरू कधीच होणार नाही. हे ऐकून सासूबाईंनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की माणसांत हे असं होत नाही असा खुलासा डॉक्टरांना घाईने करावा लागला. (माझी दोन्ही मुलं तेव्हा समोर भांडत होती, तरीही.)

ह्यांनी परस्पर व्यापारी बोलावला. मी फाटकात उभी राहिले. बाटलीने दूध पाजून वाढवलेलं जनावर मी पोटातल्या अपघातापायी घालवणार नव्हते. हे मला समजावून थकले, व्यापारी उन्हाला कंटाळला, मी हलले नाही. शेवटी रिकामी गाडी परत गेली आणि ह्यांनी दोन दिवस अबोला धरला.

त्या शांततेत माझ्या लक्षात आलं, की फौजदार उगाच कुणावर चढत नाही. जी गाय माजावर असते, तिच्याच मागे लागते. आमच्या गायींचा माज आम्हाला कळायचाच नाही, रेतनाची वेळ हुकायची. आता ती दाखवते, मी डॉक्टरांना बोलावते. गोठ्यातल्या सगळ्या भाकड गायी गाभण आहेत. हे आता पेंडीची पहिली पाटी तिच्यापुढे ठेवतात आणि मी बघितलं की दुसरीकडे बघतात.

तेव्हा माझ्या मनात तुझ्याबद्दल काही राग नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. : थोडा आहे.

ता. क. : अशा जुळ्यातल्या गोऱ्ह्याचीही ताकद कधीकधी कमी भरते, असं डॉक्टर म्हणतात. गावाला वळू म्हणून देण्याआधी त्याची तपासणी करून घे.

ता. क. : कबूल केलेलं दूध मला हवंच आहे. हे पत्र घेऊन आलेले तुझे मेहुणे एव्हाना चहा अर्धवट टाकून गोठ्याकडे गेले असतील. तुझी कपाळावर चांदणी असलेली गाभण गाय गाडीत चढायला जरा वेळ घेते, असं वहिनी फोनवर म्हणाल्या, म्हणून पत्र लांबवलं.