पिवळ्या गोलातली फरशी

६ मार्च, शुक्र.
बोळातली फरशी आज पुन्हा मोजली. ३१ मिमी वर आली आहे. मागच्या महिन्यात २७ होती. झाडाचं मूळ कोणासाठी थांबत नाही. कौन्सिलला (इथली नगरपालिका, यापुढे कौ.) तिसरी तक्रार, मोजपट्टीसकट फोटो. उत्तर तेच: नोंद घेतली आहे. बस स्टॉपला जायला अख्खी गल्ली माझ्या घराशेजारचा हाच बोळ वापरते.
संध्याकाळी वसुधाकाकूंनी गोळाभात आणून दिला. निखिलची आई, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्यात. निखिल माझ्यापासून दोन घरं सोडून राहतो. एकटी राहून काय खातेस, असं दर वेळी विचारतात. मी दर वेळी खरं सांगत नाही.

८ मार्च, रवि.
ऑफिसच्या किटमधला स्प्रे आणला आणि फरशीभोवती पिवळा गोल काढला. सर्व्हेच्या साइटवर आम्ही हेच करतो. कौ.चे इन्स्पेक्टरही दुरुस्तीआधी असाच गोल काढतात. निदान दिसेल तरी.

१२ मार्च, गुरु.
समोरचा डेरेक कुंपणाशी भेटला. खूश होता. (इथे सगळ्यांनाच लाडाने duck म्हणतात.) “They've marked it, duck. ईस्टरपर्यंत होऊन जाईल बघ.” तोही तक्रार करणार होता म्हणे, आता गरज नाही.
गोल मी काढला, हे सांगितलं नाही. ऑफिसचा स्प्रे होता म्हणून. एवढंच कारण होतं का, माहीत नाही.

१७ मार्च, मंगळ.
काकू पडल्या. बोळातल्या त्याच फरशीला अडखळून. सकाळी साडेसात, पार्ककडे फिरायला जाताना. मी किटलीत पाणी भरत होते, आवाज ऐकला. माणसाचा नाही, काठीचा.
अँब्युलन्सला ५० मिनिटं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. त्या मलाच म्हणत होत्या, तू ऑफिसला जा बेटा, तुला उशीर होऊन राहिला.
खुब्याचं हाड. उद्या ऑपरेशन.
फरशी परत मोजली. ३१. कशासाठी मोजली?

१९ मार्च, गुरु.
वॉर्डमध्ये गेले. ऑपरेशन नीट झालं. निखिल खिडकीपाशी उभा होता, डोळे लाल. कौ.वर भरपाईचा क्लेम करणार म्हणाला. माझ्याकडे मोजमापं आहेत, फोटो आहेत, तारखा आहेत. “तुझं स्टेटमेंट असेल तर ते वाद घालूच शकणार नाहीत.” मी हो म्हटलं.
तो कॉफी आणायला गेला तेव्हा काकूंना विचारलं, रोज तर तुम्ही ती फरशी टाळून कडेने जायचात. मग त्या दिवशी?
“अगं, त्याच्यावर पिवळा रंग मारला होता ना. मला वाटलं, झाली दुरुस्त. आमच्याकडे काम झालं की रंग मारतात.”
मी पाण्याचा ग्लास त्यांच्या हाताशी सरकवला. तो आधीच हाताशी होता.
घरी कशी आले ते आठवत नाही. ट्रामचं तिकीट खिशात आहे, म्हणजे ट्रामने.

२० मार्च, शुक्र.
झोप नाही. गोल वायर ब्रशने घासला. जात नाही. चांगला स्प्रे आहे.
डेरेक तक्रार करणार होता. गोल पाहून थांबला. अजून किती जण थांबले असतील? काकू थांबल्या नाहीत, उलट पाय टाकला.

२५ मार्च, बुध.
कौ.चं उत्तर आलं, पहिल्यांदाच माणसाने लिहिलेलं. हा बोळ त्यांच्या देखभालीच्या यादीत नाही, कधीच नव्हता. कृपया जमीनमालकाशी संपर्क साधावा.
म्हणजे तीन तक्रारी ज्यांच्याकडे केल्या, त्यांचा तो नाहीच. मग कोणाचा? माझ्या आधी कोणालाच हा प्रश्न पडला नाही?
घर घेताना सॉलिसिटरने पाठवलेली फाइल उघडली. हद्दीची लाल रेषा घराच्या भिंतीशी थांबत नाही. बोळ ओलांडून पलीकडच्या कुंपणापर्यंत जाते. येण्याजाण्याचा हक्क सगळ्यांना. जमीन माझी.
स्केल लावून तीनदा पाहिलं. मी पोटासाठी अशाच रेषा आखते. दुसऱ्यांच्या हद्दींचे नकाशे अर्ध्या सेंटीमीटरच्या चुकीवरून परत पाठवते. स्वतःचा नकाशा दीड वर्ष उघडला नव्हता.
तिन्ही तक्रारींवर माझं नाव, तारीख, मिमी. मालकाला धोका माहीत होता, याचा इतका व्यवस्थित पुरावा कोणी दिला नसेल.

२८ मार्च, शनि.
पुण्याला फोन केला. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, वकिलाला विचारल्याशिवाय कोणापाशी काही बोलू नकोस. बरोबरच आहे. मीही दुसऱ्या कोणाला हेच सांगितलं असतं.
निखिलचा मेसेज: फॉर्म भरून झालाय, फक्त तुझं पान बाकी. उद्या सहाला येतो. आणि खाली, थँक्स, तू नसतीस तर काय केलं असतं.

२९ मार्च, रवि.
काकूंचा गोळाभाताचा डबा अजून माझ्याकडेच होता. रिकामा कसा द्यायचा, म्हणून शिरा केला. जरा खाली लागला. दुपारी वॉर्डमध्ये गेले. निखिल नव्हता. ती वेळ मी मुद्दाम निवडली, हेही लिहून ठेवते.
सांगितलं. आधी गोल, मग जमीन. नकाशा नेला होता, लाल रेषेवर बोट ठेवून दाखवलं. साइट मीटिंगमध्ये दाखवते तसं. ‘वकिलाला विचारून सांगते’ हे आईच्या सल्ल्याचं वाक्य पाठ केलं होतं, ते म्हटलं नाही.
काकूंनी नकाशा डोळ्यांजवळ धरला. चष्मा नव्हता, काही दिसत नसणार.
“म्हणजे मी रोज तुझ्या अंगणातून जात होती,” त्या म्हणाल्या. मग डब्याचं झाकण उघडून वास घेतला. “करपवला वाटतं.”
मला वाटलं, झालं. इतकंच होतं.
तेवढ्यात फिजिओवाली वॉकर घेऊन आली. चार पावलं. तिसऱ्या पावलाला काकूंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझा हात धरला, फार जोरात. परत पलंगावर बसल्यावर म्हणाल्या, “पुन्हा फिरायला जाता येईल की नाही, डॉक्टर सांगत नाही. मी रागावली नाही, असं समजू नको. पण निखिलला तूच सांग. मी सांगितलं तर त्याला वाटेल, मी तुला वाचवून राहिली.”
हातावर त्यांच्या बोटांचे वळ अजून आहेत.

५.४०. फॉर्मचं माझं पान टेबलावर आहे. मोजमापं भरली. तारखा भरल्या. ‘वाटेची जबाबदारी कोणाची’ या रकान्यात निखिलने आधीच कौ.चं नाव पेनने लिहिलंय. खाडाखोड करावी लागेल. शेजारी नकाशा ठेवलाय, सरळ, दारातून येणाऱ्याला वाचता येईल असा.
५.५२. खिडकीतून दिसतोय. बोळातूनच येतोय. फरशीपाशी थांबला, गोलाकडे पाहिलं, आणि कडेने आला.