अडीच सुती बोल्ट

कोंढा, ता. पवनी
१४ नोव्हेंबर २०२५

चि. करुणा हिस मोठ्या बाबांचे आशीर्वाद.

तुझी कंबर आता कशी आहे? जावईबापूंचा खोकला थांबला का? खुशबूच्या चष्म्याचा नंबर वाढला तर नाही? आणि तुझा बाप, माझा धाकटा भाऊ इश्वर, नीट जेवतो का गं, की अजूनही ताटात बोटं फिरवून उठतो? इकडे तुझी मोठी आई ठीक आहे. कालपासून माझ्याशी बोलत मात्र नाही.

तू विचारलंस, एकतीस वर्षं शेडमध्ये झाकलेली डुक्कर फियाट आता काहून बाहेर काढली. फोनवर सांगायला जीभ वळली नाही.

गाडी उभी झाली, पोरी. काचा, बंपर, दिवे, सगळं तिचंच जुनं मिळवलं. अडलं एका बोल्टावर. डाव्या दाराचं कुलूप ज्या पट्टीत अडकतं, तिचा बोल्ट. पाच महिने नागपूरची भंगाराची दुकानं पालथी घातली. एक दुकानदार वैतागला, "काका, नवीन चमकते देऊन राहिलो न, कायले जीव खाता?"

"मले आठ मिलिमीटरचा, डोक्यावर जुना ठसा असलेलाच पाहिजे."

कारण यंदापासून ते दार शेडमध्येच रोज दुपारी चारला आपोआप उघडायचं, त्यासाठीच तर गाडी काढली. वारा नाही, उतार नाही. एकदा मोठी आई चहा घेऊन आली.

"दार लावत जा न!"

"मीच लावलं होतं."

"मंग कोण उतरलं?"

दोघंही हसलो नाही. दिघोरीहून येताना तुझी आई चालत्या गाडीतून पडली, तेव्हाही चारच वाजले होते. तू सहा वर्षांची होतीस. मंदानं उडी मारली, असं गाव म्हणालं. इश्वर तिला गाडीत टाकून बोलला होता, म्हणून तिनं जीव दिला, असं तो आजही धरून आहे. तूही तेच ऐकत मोठी झालीस.

तिनं उडी मारली नाही, बेटा.

या गाडीची पुढची दारं उलटी असतात, बिजागऱ्या मागे. कुलूप सुटलं की वारा दार ओढून उघडतो. आदल्या दिवशी ते कुलूप मीच दुरुस्त केलं होतं. बोल्ट मिळेना, म्हणून जीपचा अडीच सुती, म्हणजे इंची मापाचा, जवळपास तेवढाच पण वेगळ्या आट्यांचा बोल्ट ठोकला. दोन आटे धरले, पुढे जाईना. म्हटलं, चालून जाईल. नंतर तो गाडीत खाली पडलेला दिसला. कोणी पाहायच्या आत उचलला, पवनीच्या पुलावरून वैनगंगेत टाकला, आणि गप्प बसलो.

परवा खरा बोल्ट मिळाला. बसवला. दार खट्‌कन लागलं. चार वाजले, पाच वाजले, उघडलं नाही. वाटलं, सुटलो.

काल सकाळी दार उघडलं, तर डाव्या सीटवर तो जीपचा बोल्ट. ओला. आट्यांत रेती. डोक्यावर माझ्याच हातोडीचा घाव. तेव्हाच तुझ्या मोठ्या आईला सगळं सांगितलं.

तो सोबत पाठवतो. तीनदा पुसला, तरी कागद ओलसर होऊन राहिला. इश्वरच्या हातात ठेव आणि मोठ्यानं वाच: बाबू, तुझ्या बोलण्यानं नाही, माझ्या हातानं गेली ती.

शिव्या लिहा, नातं तुटलं असं लिहा. पण लवकर लिहा.

तुम्हा दोघांचा अपराधी,
तेजराम