पारावरची पावकी-दिडकी

३ ऑक्टोबर १९७१, रविवार
पारावर आज पुन्हा शाळेचा विषय. आमचा आसाराम गप्प बसून ऐकत होता. माझा मुलगा गप्प बसला की मला भीतीच वाटते!

भिमाजी म्हणाला, नवे गुरुजी पोरांना गाणी म्हणायला लावतात, ओढ्यावर नेऊन दगड मोजायला लावतात, छडी हातात धरत नाहीत. आधीच्या मास्तरांच्या वेळी पाढे शिवारात ऐकू यायचे. ‘‘आता शाळेत पोरं हायती का मेंढरं, तेबी कळत न्हाई.’’ सगळे हसले. मीही थोडा हसलो. हसायला नको होतं.

घरी आल्यावर आसाराम म्हणाला, भाऊबीज झाली की ऊसतोडीला निघायचं, औंदा चांगुणाला संग न्यायची. तिचं तान्हं भावंड अंगावर पितं, ते आईबरोबर जाणारच. आई उसात असताना त्याला कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, कोण बघणार? शाळेत पोरगी काही शिकत असती तर गोष्ट वेगळी.

चांगुणा माझी नात. चौथीत आहे. एकदा कोपीवर गेलेली पोर पुन्हा शाळेत आलेली मी पाहिली नाही.

५ ऑक्टोबर
शाळेत गेलो. नव्या राधाकृष्ण गुरुजींना म्हणालो, पावकी-दिडकी, ते पाव-अर्ध्या-दीडचे जुने पाढे, घ्या हो, पोरीचं अडलंय. ते म्हणाले, ‘‘आजोबा, आता पैसे आणि किलो आलेत. पावकी पुस्तकातच नाही.’’ वर म्हणाले, ती नकाशा वाचते, धडा न अडखळता वाचते.

खरं आहे. पण गाड्या निघण्याआधी पारावर पोरं उभी करतात आणि पाढेच विचारतात. वाचायला कोणी सांगत नाही. खरं वाचलं की मनचं, हे पारावर कोणाला कळणार? मला कळेल. मी तिसरीपर्यंत गेलोय. पण मला कोण विचारतो!

७ ऑक्टोबर
बांधावर बसून चांगुणाला पावकी शिकवतोय. मीच मधे चुकतो. ती हसते. ही काय हसायची वेळ आहे?

१० ऑक्टोबर, रविवार
पारावर परीक्षा झाली. भिमाजीचा छगन निमकीतच अडकला, बापानं तिथंच पाठीत धपाटा घातला. बाकीची पोरंही गळाली. नव्या गुरुजींची बदली मागायचं ठरलं.

चांगुणानं दिडकीपर्यंत सगळं म्हटलं — एका दमात! आसारामनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, ‘‘लई झ्याक. झालं की सगळं शिकून. आता आनि काय ऱ्हायलंय शाळेत?’’

मी काय करून बसलो!

१२ ऑक्टोबर
आज धीर करून आसारामला म्हणालो, शाळेत पाढ्यांपलीकडे पुष्कळ असतं. तो म्हणाला, ‘‘आबा, पावकी तुमी शिकवली. तिनंच सांगितलं मला. मंग मास्तरनं काय शिकवलं?’’

वाचते ती, म्हणालो. तर म्हणे, तुम्ही तिचे आजोबा, तुम्ही चांगलंच सांगणार.

पाढे आले म्हणून शाळा संपली. आणि पाढे घरी आले म्हणून शाळा फुकट. दोन्हीकडून मीच दार लावलं.

१३ ऑक्टोबर
जेवण गेलं नाही. साळूबाई म्हणते, पोटात काही बिघडलंय. बायकोला माझं सगळं दुखणं पोटातच दिसतं.

१५ ऑक्टोबर
लंकाबाई गोठ्यात एकटी होती. सून माझ्याशी फार बोलत नाही. आज पदर नीट करून खाली बघतच म्हणाली, ‘‘मामंजी, मलाबी न्हाई न्यायाची तिला. पन हे पोरगं रांगतंय आता. चुलीत हात घालंल, बैलाच्या पायात जाईल. कोपीवर कुनीतरी पायजेच.’’

कुणीतरी.

१९ ऑक्टोबर
आसाराम गाडीला वंगण घालतोय. चांगुणाचं फडक्यातलं गाठोडं दाराशी बांधून ठेवलंय. मला गाडीत कंबर धरते, थंडी सोसत नाही, परक्या पाण्यानं पोट बिघडतं. हे सगळं खरंच आहे.

६ नोव्हेंबर
कारखान्याचा तळ. कोपीत वारा शिरतो. तळावरची माणसं मला दाईबाबा म्हणतात. मी ओ देतो.

तान्हं मांडीवर निजलंय. गावाकडे दिवाळीची सुट्टी संपून चांगुणाची शाळा उघडली असेल.