गिरणी सुरू झाली त्याची हकिकत

कडेगाव, चैत्र, १९४६

तीर्थरूप आकारामदादा यांस धाकटी बहीण अंजना हिचा पाया पडून नमस्कार. आमी समदी खुशाल हाय. तू पलटणीच्या कारखान्यात मोटारी दुरुस्त करतोस, तिथं पोटभर जेवत जा (साहेबाच्या भीतीनं अर्धपोटी उठू नगंस). सासूबाई बऱ्या हायत. माज्याशी बोलत न्हाईत, पण दुसऱ्यांशी बोलताना आवाज खणखणीत असतो.

कारण असं, की म्या पाटल्या मोडून पिठाची गिरणी घातली. पैलं इघ्न इंजिनाच्या तेलाच्या परवान्याचं. कारकून माज्याकडं बघंना, समदं ह्यास्नीच इचारायचा. "इंजिन कुठलं?" हे म्हनलं, "तिला इचारा." "तेल किती लागंल?" "तिला इचारा." "आवं, मग तुमी कशाला आलाय?" तर हे म्हनलं, "तिनंच मला आणलंय." परवाना मिळाला. (तुझं पावणं कमी बोलत्यात, पण कामाचं बोलत्यात.)

दुसरं इघ्न वरल्या आळीचं नानासो. त्येनी चावडीत सांगितलं, "बाईच्या गिरणीचं पीठ आमच्या घरात यायचं न्हाई." त्येंचं ऐकून गाव फिरकंना. मी रोज गिरणी झाडायची, उदबत्ती लावायची अन् रस्त्याकडं बघत बसायची. एकदा लय रडू आलं, पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं तर काय म्हनंल, म्हनून आवरलं.

मग नानासोंच्या लेकीचं लगीन निघालं. दळून दळून सुनांच्या हाताला फोड आलं, तवा त्येंची कारभारीण धोंडुबाई हिनं जात्याचा खुंटाच उपटला अन् म्हनाली, "आता तुमीच दळा." भर दुपारी, रस्ता मोकळा बघून, नानासो स्वता पोती घिऊन आलं. नेमकं इंजिन चालू हुईना. ह्येंचं एकट्याचं बळ पुरंना. म्या म्हनलं, "आवं नानासो, तुमीबी हात लावा की." फेटा काढून ठिवून त्येनी हँडल असं फिरवलं, की इंजिन धडाधडा सुटलं अन् आवाजानं सारं गाव गोळा झालं! पीठ उडून नानासो मिशीसकट पांढरं. शेजारच्या बयाबाईनं इचारलं, "नानासो, पीठ कसं पडतंय?" इकडं तिकडं बघून म्हनलं, "बारीक पडतंय." दुसऱ्या दिशी दारात रांग.

असो. गिरणी झोकात हाय, काळजी करू नगंस. वयनीला नमस्कार, लेकरांचं मुकं घे.

तुझी अंजना

ता. क. गिरणी झोकात हाय, पण मंगळवारपासनं बंद हाय. इंजिन नुसतं धूर ओकतंय. गावाला "साफसफाई चाललीया" म्हनून सांगितलंय. रजा काढून ये. साहेबाला बहीण आजारी हाय म्हन, इंजिन म्हनलास तर सोडायचा न्हाई.

आनि एक ता. क. गुपचूप दुरुस्त करून जाऊ नगंस. काल एकजण हसून म्हनला, "कसली साफसफाई? भाऊ आला की चालंल." लय जिव्हारी लागलं. तवा तू नुसतं शेजारी बसून सांगायचं. पाना माज्याच हातात ऱ्हाईल.