कार्डावर लिहिलेलं नातं

नागपूर,
२ सप्टेंबर २००४

ती. चंद्रशेखरदादास,
समीक्षाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मी इथं मजेत आहे. नर्सिंगच्या होस्टेलात एका हॉलमध्ये आम्ही बारा जणी आणि आरसा एकच, तेव्हा सकाळची मजा तूच समजून घे. भात मिळतो, पण त्याला वास म्हणून नाही. मोठ्या आईला मात्र सांग, की समीक्षा पोटभर जेवते.

माझं इंग्रजी सुधारतंय बरं का! आमच्या वॉर्डन मॅडमच इंग्रजी शिकवतात. भेटायला येणाऱ्यांचं कार्ड भरताना तुझ्या नावापुढं मी 'कझिन ब्रदर' लिहिलं, तर त्या म्हणाल्या की हे चुकीचं आहे; मोठ्या बाबांचा मुलगा म्हणजे नुसता कझिन. मी लगेच 'ब्रदर' खोडलं. सगळ्यांसमोर शाब्बासकी मिळाली.

रविवारी, १२ तारखेला भेटीचा दिवस आहे. लाखोरीच्या डाळीचे वडे न घेता आलास तर ओळख देणार नाही.

मोठ्या आईला, मोठ्या बाबांना जयभीम. लोभ आहेच, तो वड्यांसकट यावा.

तुझी,
समीक्षा


कामठा,
१४ सप्टेंबर २००४

चि. समीक्षास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

वडे मिळाले असतील. गेटवर ठेवून आलो. पहाटेच्या गाडीनं निघून वेळेत पोचलो होतो. चौकीदारानं कार्ड काढलं आणि सांगितलं की आत फक्त आईबाप आणि भाऊबहीण सोडतात, कझिनला परवानगी नाही. मी म्हटलं, मी भाऊच आहे. त्यानं कार्ड पुढं धरलं. तुझं अक्षर मी ओळखतो, पाटीवर मीच गिरवून घेतलं होतं. अर्थ विचारला, तर कझिन म्हणजे सख्खा नाही, असं त्यानं समजावलं.

राग नाही आला, समीक्षा. वाईट वाटलं. काकू गेल्यावर काका तुला आमच्याकडे ठेवून भिलाईला कामावर गेले, तेव्हा तू दोन वर्षांची होतीस आणि मी तिसरीत. आईनं मला जवळ बसवून सांगितलं होतं, की आजपासून हिले कोणी चुलत म्हणायचं नाई, पोरीच्या मनात बसते. मी कधीच म्हटलं नाही. आपल्या घरात तो शब्द पहिल्यांदा तू लिहिलास, इंग्रजीत का होईना.

सांगायला आलो होतो ते वेगळंच. चिचगडच्या अल्काशी माझं लग्न जमलं. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी साक्षगंध आहे. आपल्यात नवरीच्या हाती साडी मुलाची बहीण ठेवते. आई रोज विचारून राहिली, की समीक्षाले अजून सांगितलं काऊन नाई. कार्डाचं मी तिला बोललो नाही. यायचं की नाही, ते तूच ठरव.

अभ्यास कर. जास्त काय लिहू.

चंद्रशेखर


नागपूर,
२२ सप्टेंबर २००४

ती. दादास,
तुझ्या चुकलेल्या बहिणीचा जयभीम. वि. वि.

पत्र न्हाणीघरात जाऊन वाचलं, हॉलमध्ये रडायला जागा नाही. गावाकडची म्हणून इथं हसतात, त्यामुळे शाब्बासकी मिळाली तेव्हा मी हुरळून गेले. पुढचा विचारच केला नाही. मला माफ कर रे.

परवा मॅडमकडे गेले आणि कार्ड बदलून मागितलं. त्या म्हणाल्या, शब्द बरोबर आहे. मी विचारलं, मोठ्या आईला इंग्रजीत काय म्हणतात. त्या म्हणाल्या, आंट. मग मी सांगितलं, की माझी आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, 'मोठी' लावून का होईना, आम्ही तिला आईच म्हणतो, तर तिचा मुलगा माझा कोण लागतो? मॅडमनी डिक्शनरी जवळ ओढली, थोडी चाळली आणि ठेवून दिली. पण कार्ड काही बदललं नाही.

मग मी दोन दिवसांच्या रजेचा इंग्रजीत अर्ज लिहिला. कारण लिहिलं, माझ्या ब्रदरचं साक्षगंध. अशी रजा फक्त सख्ख्या भावंडांच्या कार्याला मिळते, हे ठाऊक होतं. नामंजूर झाली असती तरी मी आलेच असते, मग होस्टेलातून नाव कमी झालं तरी चाललं असतं. अल्कावहिनीची साडी मीच निवडणार, तू मध्ये बोलायचं नाही.

आज अर्ज परत आला. मॅडमनी लाल पेनानं त्यात पाच चुका काढल्या आहेत, एका स्पेलिंगला तर दोनदा गोल केला आहे. 'ब्रदर'ला पेन लागलेला नाही. खाली सही आहे, रजा मंजूर.

लोभ कमी केला असशील, तर होता तेवढा पुन्हा करावा.

तुझी बहीण,
समीक्षा