बोलण्याखालची अक्षरं

आखाडा बाळापूर,
जानेवारी २००५

राजश्री प्रभू इवाई यांना नामाजीचा रामराम. इकडं मी, घरवाली यशोदा, पोरगा आन् मेंढरं समदे बरे. इहीणबाईंचा गुडघा कसा हाय? चालत्या ठेवा. बसवून ठेवलं की माणूस आन् इंजन दोन्ही गंजतेत.

तुमचं पत्र भेटलं. रागिणी सासरी येऊन साल झालं, सासरा तिच्याशी एक सबद बोलत न्हाई, इचारलं तर तोंड फिरवतो, लेक रडून राहिली, म्हणून येत्या बाजाराला येऊन तिला घेऊन जाता म्हणता. इवाई, जीप ठरवू नका. मी रुसलो न्हाई. रुसायला येळ कोणापाशी हाय? काय झालं ते सांगतो, मंग ठरवा.

तुमची लेक डी.एड. झालेली. आमच्या वसरीत गावातल्या पोरायला इंग्रजी शिकवून राहिली. (मी यशोदाला म्हणलं, पाढे शिकव म्हणावं. इंग्रजीनं मेंढरं काय जास्त लोकर देणार हायेत?) तिनं नांदेडहून एक शीडी आणली. ती लावली की टीव्हीवर गोरे लोक बोलतेत आन् जे बोलतेत तेच खाली अक्षरात येतं. पहिले अक्षरं पाहत ऐकायचं. मंग माझंच घोंगडं टीव्हीच्या खालच्या अंगाला अडकवायचं आन् तेच नुसत्या कानानं ऐकायचं. त्यानं कान तयार व्हतो म्हणे. मी म्हणलं, दिसून राहिलं ते झाकायचं काहून? एवढा कुटाणा! पण बाजंवर पडल्या पडल्या एक दिस पाहिलं, मंग रोजच पाहू लागलो. (घोंगडं लागलं की झोपून जायचो.)

काय सांगू तुमाला. एक तळं व्हतं, धुक्यानं भरलेलं. त्याच्यात एक होडी, होडीत म्हातारा आन् म्हातारी. म्हातारी व्हट हालवायची, आन् पाण्याखालून मासुळी वर यावी तशी अक्षरं वर यायची, जरा थांबायची, बुडून जायची. माझं इंग्रजी सातवीपतोर, बाकी समदं वारंगा फाट्यावर ट्रकाच्या पाठीवरून उचललेलं, म्हणून पळतं अक्षर धरायची सवय हाय. म्हातारी म्हणली, कोल्ड. (हे कोल्ड्रिंकच्या पाटीवरचं.) ते मला आतमधी ऐकू आलं, इवाई, लहानपणी माळावरून आय हाक मारायची तसं. दुपार कलायची, मेंढरं परतायची, गळ्यातल्या घंट्या नुसत्या हालताना दिसायच्या, आन् वाटायचं, यांच्याबी खाली अक्षरं आली असती तर.

मंग एक दिस करडू वायरीत पाय घालून पळालं. (चित्र राहिलं, आवाज गेला. हे मला मागून कळलं.) पोरं म्हणे आवाज, आवाज करून वरडली. मी आपला होडीत. म्हातारीनं म्हाताऱ्याला ‘कोल्ड का?’ इचारलं, तसा मी जोरात म्हणलो, ‘‘व्हय म्हण की गाढवा! घोंगडं दे म्हण तिला!’’ समदी वसरी माझ्याकडं वळली. रागिणीनं पाटीवर लिहून पुढं धरलं, ‘मामा, टीव्हीचा आवाज बंद आहे. तुम्हाला कळलं नाही?’

आता तुमालाबी कळलं असंल. यशोदाचा आवाज मोठा, अर्धा-मुर्धा कानात शिरतो, म्हणून घरात कोणाला पत्ता न्हवता. पण तुमची लेक सासऱ्यापुढं पदर डोक्यावर, नजर खाली, आन् आवाज त्याच्याहून खाली. ती सालभर बोलत व्हती, मी सालभर तोंड फिरवून मेंढरं पाहत व्हतो. कान गेले म्हणून सांगावं तर लोक माणसाला भिताडाशी बसवतेत, आन् समदे त्याच्या डोक्यावरून बोलतेत.

तवापासून यशोदा बोलती आन् रागिणी बाजूला बसून पाटीवर लिहिती. यशोदा हात नाचवून नाचवून घंटाभर बोलती, आन् पाटीवर येतं, ‘मामा, चहा घ्या.’ (सून सासऱ्याला शिव्या लिहील कशी? एवढं सुखाचं बोलणं मला साऱ्या संसारात भेटलं न्हवतं.) सपनातबी आता तसंच चाललंय. मेंढरं धुक्यातून कयाधू नदीच्या पल्याड जातेत, आय हाक मारती, आन् खाली रागिणीचं वळणदार अक्षर येतं.

तर लेकीला नेऊ नका. पाटी दुसऱ्या कोणाला धरता येत न्हाई असं न्हाई, पण तिच्यासारखं कोणी लिहीत न्हाई. कळावं. न कळलं तर पत्र टाका, फोनवर वरडू नका.

तुमचा,
नामाजी

ता. क. दिवाळीला तुमी माझ्या कानाशी लागून काहीतरी इचारलं व्हतं आन् मी ‘व्हय व्हय, खुशाल’ म्हणलो. काय इचारलं ते लिहून कळवा. काळा बोकड मागितला असंल तर न्हाई. आन् येताना पाटीच्या पेन्सली आणा.

आणखी एक. पाकीट चिकटवायच्या अगोदर रागिणीलाच इचारलं, माहेरी जायचं का? व्हट हालले. मी पाटी पुढं केली. तिनं ती बाजूला सारली, पदर खांद्यावर पडू देला, आन् अशी वरडली, ‘‘न्हाई, मामा!’’ की वाड्यातली मेंढरं उठून हुबी राहिली. मला ऐकू आलं. सालभर वाटत व्हतं, पोरीचा आवाज बारीक असंल. तुमच्यावर गेलाय, इवाई. चांगला घोगरा हाय.